शिखरजीच्या पुढं चार बोटं

खोत सरांनी चौतीस वर्षं पोरांना एकच धडा शिकवला, असं कुणी म्हटलं तर सांगलीतले त्यांचे निम्मे विद्यार्थी मान डोलावतील. तसे भूगोलाच्या पुस्तकात धडे वीस-बावीस असायचे. मोसमी वारे, खनिजं, लोकसंख्या हे सगळं सर उरकून टाकायचे. पण चुनखडीच्या प्रदेशाचा धडा आला की हा माणूस वेगळाच व्हायचा. रंगीत खडूंचा डबा घरून यायचा. फळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चीनमधली ली नदी वाहायची आणि तिच्या दोन्ही काठांवर सुटे सुटे, उभेच्या उभे डोंगर, जणू कुणी अडतीत गुळाच्या ढेपा मांडून ठेवल्यात. "पाणी दगड खातंय बाळांनो, लाखो वर्षं खातंय," सर सांगायचे, "आन खाऊन जे उरलं ते हे."

मग मागच्या बाकावरून एक तरी पोर हमखास विचारायचं, "सर, तुमी बघितलंय व्हय?"

"न्हाई रं. बघणार हाय."

हे 'बघणार हाय' आक्काताईंनी लग्नानंतर आठ दिवसांतच ऐकलं होतं. त्यांना वाटलं, कुठं कोल्हापूरकडं असेल. चीन म्हटल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

आक्काताई दुधगावच्या. सातवी शिकलेल्या, एकोणिसाव्या वर्षी मदन खोत नावाच्या नव्या मास्तराशी लग्न झालं आणि सासरच्या मळ्यात उभ्या राहिल्या. पुढं लेकीच्या, ब्राह्मीच्या शाळेसाठी बिऱ्हाड सांगलीत विश्रामबागेत आलं, तेवढंच काय ते स्थलांतर. आता आक्का म्हणजे थोरली बहीण. बायकोला 'आक्का' म्हणून हाक मारायची तर नवऱ्याच्या जिवावर येणार नाही का? सरांनी त्यावर तोड काढली ती अशी, की नावच घ्यायचं नाही. आधी 'अगं ए', मग 'ब्राह्मीची आई'. चाळीस वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून बायकोचं नाव बाहेर पडलं नाही. आक्काताईंनाही त्याचं काही वाटलं नाही. वाटलं असलं तरी बोलून दाखवायची त्यांची जातकुळी नव्हती.

त्यांचा प्रवास सगळा देवाधर्माचा. जवळच्या बाहुबलीला कितीतरी वेळा, श्रवणबेळगोळला एकदा महामस्तकाभिषेकाला आणि एकदा गावच्या बायकांबरोबर रेल्वेनं पार पूर्वेकडं, जैनांच्या थोर तीर्थाला, शिखरजीला. तिथली सत्तावीस किलोमीटरची डोंगरवंदना त्यांनी अनवाणी केली, आणि परत आल्यावर महिनाभर ज्याला त्याला पाय दाखवला. जगाचं टोक त्यांनी पाहिलं होतं. त्याच्या पुढं काही असेल तर ते सरांनी बघावं.

सर निवृत्त झाले आणि पाचव्या वर्षी जिन्यावरून पडले. नंतर एकदा गेटमध्ये उभ्या केलेल्या शेजाऱ्याच्या स्कूटरवर जाऊन आदळले. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा डोळा तर केव्हाच गेला होता, सरांना कळलंही नव्हतं. उजव्याचं ऑपरेशन ठरलं.

त्या आधी दोन दिवस आक्काताई माहेरी दुधगावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेल्या. तिथं एका आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास होता. बायका नारळ घेऊन रांगेत बसलेल्या, जिला जमेल तो नियम घेत होत्या. कुणी वर्षभर वांगं सोडलं, कुणी अष्टमीला साखर. आक्काताईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला दिग्व्रत द्या. जन्माचं."

दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपणच कुंपण घालायचं. या हद्दीच्या पुढं मरेपर्यंत पाऊल टाकायचं नाही, म्हणजे हद्दीपलीकडच्या किडामुंगीलाही आपल्यापासून त्रास नाही. माताजींनी दोनदा विचारलं, नीट विचार केलाय का? आक्काताईंनी हद्द सांगितली. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. वर शिखरजीच्या टोकाएवढं, खाली आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या तळाएवढं. माताजींनी मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला.

आणि हात जोडल्या जोडल्या आक्काताईंनी मनात एक वाक्य जोडलं: ह्यांचा डोळा राहू दे.

चूक झाली ती इथं. पाठशाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं की व्रताच्या बदल्यात काही मागायचं नसतं. मागितलं की ते व्रत राहत नाही, सौदा होतो. आक्काताईंनाही ते पाठ होतं. पण ज्या बाईचा नवरा स्कूटरवर आदळून कपाळ फोडून घेतो, तिला धडे आठवत नाहीत. मला तर त्यांना बोल लावायचा धीर होत नाही.

ऑपरेशन पार पडलं. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढी नजर टिकवली." आक्काताईंना जे समजायचं ते समजलं. त्यांनी व्रताचा शब्द कुणापाशी काढला नाही. मागणं तोंडानं सांगितलं की ते फळत नाही, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं. शिवाय हद्दीच्या पुढं जायचा प्रसंग येतोय कुठं? सरांचा चीन म्हणजे बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, असं त्या धरून चालल्या होत्या.

गेल्या वर्षी जूनमध्ये सर तपासणीहून आले ते खुशीत. म्हणजे बातमी वाईट होती. नजर बाजूंनी आकसत चालली होती, नळीतून बघावं तसं मधलंच दिसायचं. डॉक्टर म्हणाले होते, सर, जे काही बघायचं असेल ते या वर्षात बघून घ्या.

"ठरलं," सर चप्पल काढता काढता म्हणाले. "नोव्हेंबरात जायचं. पाऊस सरल्याला असतोय, नदी निवळल्याली असती. तू आन मी."

आक्काताई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "मी कशाला?" त्या म्हणाल्या.

"मला पायरी दिसत न्हाई, डोंगर दिसत्यात. पायरी तू बघायची, डोंगर मी बघणार."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एक लांब वही आली. सर नाक टेकेल इतके वाकून तीत लिहायचे, पट्टीनं रेघा मारायचे, नदीचा नकाशा निळ्या पेन्सिलीनं काढायचे. ब्राह्मी साताऱ्यात बँकेत नोकरीला. तिच्या ओळखीचे आप्पासो नावाचे निवृत्त सुभेदार पोवई नाक्याजवळ सहलींचं ऑफिस चालवत. त्यांना सरांचे रोज फोन. आप्पासो पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सर, चीन आमी बंदुकीच्या नळीवरनं बघितल्याला. तुमी बिनधास जावा, आता तिथं चहा पाजत्यात." सर त्यांना हॉटेलचं काही विचारायचेच नाहीत. बांबूचा तराफा किती वाजता सुटतो, सकाळचं धुकं किती वाजता उठतं, भातशेतीतून सायकलीची वाट कुठून जाते, माझी बायको मागं बसेल अशी सायकल मिळेल का, सूर्य किती वाजता मावळतो. शेवटच्या प्रश्नाला आप्पासोही गांगरायचे.

ऑगस्टात पाणी ओसरल्यावर सर आक्काताईंना हरिपूरला संगमावर घेऊन गेले. तराफ्यात बसल्यावर हिला गरगरतंय का ते बघायचं होतं. ते एका होडीत बसले. कृष्णा आणि वारणा एकमेकींत मिसळत होत्या, काठ सपाट, उसाचे फड, लांबवर एक देऊळ. सर हातानं हवेत डोंगर काढत होते. "इथं एक हुबा. त्याच्या मागं तीन. म्हस पाण्यात पडल्याली असती बघ, तिच्या शिंगावर बगळा." उतरताना त्यांनी चारचौघांत आक्काताईंचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच. होडीची कड त्यांना दिसत नव्हती.

आक्काताई घरी आल्या आणि न्हाणीघरात जाऊन रडल्या. एवढा हौशी माणूस देवानं त्यांना दिला होता आणि त्याला द्यायचं उत्तर त्यांना सांगता येत नव्हतं. व्रत पाळावं तर ह्यांचं चौतीस वर्षांचं 'बघणार हाय' पाण्यात जातं. मोडावं तर डोळा जातो. डोळा त्या व्रतावरच टिकलाय, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

योगायोगानं त्याच माताजींचा चातुर्मास त्या वर्षी साताऱ्यात होता. "ब्राह्मीकडं जाऊन येते," असं सांगून आक्काताईंनी एसटी धरली. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. नवऱ्यापासून लपवून केलेला हा त्यांचा पहिलाच प्रवास. ब्राह्मी कामावर गेल्यावर त्या रिक्षानं एकट्या मंदिरात गेल्या, तीनदा वंदन करून बसल्या आणि गुरूपाशी बोललेलं मोजत नाहीत असं मनाला समजावत मागण्यासकट सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

माताजी थकल्या होत्या. त्यांनी पिच्छी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "व्रत घेतलंस ते चांगलं केलंस. मागणं जोडलंस ते चुकलं. डोळे राहतात जातात ते ज्याच्या त्याच्या कर्मानं. तू सांगलीत बसलीस काय आणि चीनला गेलीस काय, डोळ्याला त्याचा पत्ता नाही."

"मग मोडू?"

"मोड असं मी कशी म्हणू? मोडलंच तर प्रायश्चित्त आहे. पण त्याच्या आधी एक सांग, ज्याच्यासाठी घेतलंस त्याला हे ठाऊक आहे का?"

आक्काताईंनी नाही म्हणून मान हलवली.

"मग आधी त्याला सांग. दोघं मिळून काय ते ठरवा. नवऱ्यापासून लपवलेलं व्रत, बाई, फार जड होतं."

परतीच्या एसटीत आक्काताईंनी कराडपर्यंत वाक्य जुळवलं आणि इस्लामपूरपर्यंत पाठ केलं. स्टँडवर सर घ्यायला आले होते. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडं मान पुढं काढून बघत होते, अगदी जवळून, एकदोघी तर चिडल्याही. आक्काताई समोर येऊन उभ्या राहिल्या तरी त्यांना पटकन दिसल्या नाहीत. मग दिसल्या, आणि सरांचा चेहरा उजळला.

आणि आक्काताई घाबरल्या. एवढी चिमूटभर नजर उरलीय. आपण तोंड उघडलं आणि तीही गेली तर? माताजींचं बोलणं मनाला पटलं होतं. भीतीला पटलं नव्हतं.

"आवं, माजं गुडघं लय दुखाय लागल्यात," त्या म्हणाल्या. "साताऱ्यात दोन पायऱ्या चढवंनात. मला न्हाई जमायचं नोव्हेंबरात. तुमी ब्राह्मीला घिऊन जावा."

सरांनी चाचपून त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मग हसले. "तिला रजा मिळायची मारामार. आन तू न्हाईस तर मी कुणाला दाखवू? मार्चला जाऊ. डोंगर लाखो वर्षं हुबं हायत. चार महिन्यांत कुठं पळून जात्यात?"

घरी पोचताच त्यांनी आप्पासोंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी निर्गुडीच्या तेलाची बाटली आणली. रोज सकाळी ती चाचपत आणून आक्काताईंच्या पुढ्यात ठेवायची आणि विचारायचं, "कमी हाय का गं?" गुडघे तसे दुखतच होते, साठीला आलेल्या कुणा बाईचे दुखत नाहीत? पण त्या दुखण्याला त्यांनी जे काम लावलं होतं, त्याची त्यांना लाज वाटायची. "हाय जरा कमी," म्हणायच्या आणि तेल चोळत बसायच्या. सर तिकडं वहीत पुन्हा वाकलेले. सगळं मार्चचं करायचं होतं.

मार्चपर्यंत सांगू, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. दिवाळी गेली. डिसेंबर गेला.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी सरांचा डोळा लाल झाला, डोकं फुटेल असं दुखू लागलं, उलट्या झाल्या. मिरजेला नेलं. डोळ्यातला दाब वाढला होता. दोन ऑपरेशनं झाली. ब्राह्मी साताऱ्याहून आली, पंधरा दिवस राहिली. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी सरांपुढं बोटं धरली आणि विचारलं, किती? सर म्हणाले, "उजेड हाय." तेवढंच उरलं. दिवस आहे की रात्र ते कळायचं, बाकी काही नाही.

व्रत जसंच्या तसं होतं. हद्दीबाहेर पाऊल पडलं नव्हतं, मागणं माताजींपलीकडं कुणाच्या कानावर गेलं नव्हतं, आणि डोळा गेला होता. माताजींनी सांगितलं होतं ते शब्दन् शब्द खरं ठरलं. मग गेले सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबर ते कशासाठी? हा प्रश्न आक्काताईंना भाकरी थापताना यायचा, देवाला जाताना यायचा, सरांच्या ताटात घास कुठं आहे ते सांगताना यायचा. सर मात्र एका शब्दानं कुरकुरले नाहीत. उलट म्हणायचे, "बरं झालं तुजं गुडघं दुखलं. तिथं परमुलखात डोळा फुगला असता तर काय केलं असतं आपण?" चांगला माणूस असं बोलतो तेव्हा ऐकणारीला ते सोसत नाही.

मार्चची बावीस तारीख आली. त्याच दिवशी निघायचं होतं. दुपारचा चहा झाल्यावर सर म्हणाले, "वही काड. कवापासनं वाटतंय. वाच की जरा."

आक्काताईंनी कपाटातून लांब वही काढली. आजवर त्यांनी ती उघडली नव्हती. सरांची वही म्हणजे सरांचा प्रांत. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान उघडलं आणि सातवीतल्या पोरीसारखं अडखळत वाचायला लागल्या.

"दिवस पहिला. आक्काताईचं जेवण."

त्या थांबल्या.

"वाच की," सर म्हणाले.

"आक्काताईचं जेवण. सूर्यास्त पाच बावन्न." ते खोडलं होतं. शेजारी मार्चची वेळ, अक्षर रेघेवरून खाली घसरलेलं. "सूर्यास्त सहा चव्वेचाळीस. साडेपाचला, दिवस मावळायच्या आत ताट. दशम्या, शेंगाची चटणी, मेतकूट बरोबर. कांदा, बटाटा, लसूण नको हे चिनी भाषेत लिहून घेणे. पाणी गाळायला फडकं." मग खाली डोंगरांचं. नदीचं. तराफ्याचं.

दुसरं पान. आक्काताईचं जेवण. तिसरं पान. आक्काताईचं जेवण. सायकलीच्या दिवशी लिहिलं होतं: आक्काताई मागे. गादी मऊ असावी. गुहेच्या दिवशी: पायऱ्या तीनशे, आक्काताईचे गुडघे, ती बाहेर बसेल, मी लवकर येईन. चाळीस वर्षं ज्या माणसानं हे नाव ओठावर येऊ दिलं नाही, त्यानं ते आठ पानांवर आठ वेळा माथ्यावर लिहिलं होतं. डोंगर सगळे त्या नावाच्या खाली.

आक्काताईंनी वही मिटली आणि सांगून टाकलं. दुधगावची बस्ती, हद्द, मनातलं मागणं, माताजी, गुडघे. मध्ये कुठं थांबल्या नाहीत. रडल्याही नाहीत. सांगून झालं तेव्हा गॅलरीतलं ऊन खुर्चीच्या पायापर्यंत आलं होतं.

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांना असं रागावलेलं आक्काताईंनी फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

"डोळं माजं," ते म्हणाले. "देवासंगं तू बोललीस, माताजींसंगं बोललीस. मला तेवडं सांगितलं न्हाईस."

"भ्याले मी."

"मी भ्यालो न्हवतो व्हय?"

 खाली भाजीवाला ओरडत गेला. उठावं की बसावं ते न कळून आक्काताई टेबलाची कड धरून होत्या.

"नकाशाचं पुस्तक आण," सर म्हणाले. "आशियाचं पान."

त्यांनी आणलं. सरांनी चाचपून पुस्तकाचा मधला दोरा शोधला, पान तळहातानं सपाट केलं. चौतीस वर्षं रोज हाताळलेलं पान.

"शिखरजी हुडक. कर्कवृत्ताच्या कडंलाच हाय. बोट ठेव तिथं."

आक्काताईंनी शोधून बोट ठेवलं. सरांनी त्यांचा हात धरला, बोटाच्या टोकापर्यंत आपली बोटं नेली आणि तिथून उजवीकडं, त्यांच्या बोटाला लावून आपली चार बोटं आडवी टेकवली. करंगळीशेजारी निळा केसासारखा धागा होता. ली नदी.

"चार बोटं," सर म्हणाले. राग आता आवाजात नव्हता, आणि तेच आक्काताईंना जास्त लागलं. "तुजी हद्द, आन पुढं चारच बोटं. अगं, मला सांगितलं असतंस तर मी म्हणालो असतो, तू आपली शिखरजीला धर्मशाळंत ऱ्हा. पूजा कर, वंदना कर. मी ब्राह्मीला कशीबी रजा काढाय लावतो, तिला घिऊन पुढं जातो, आठ दिसांत बघून येतो. येताना तुला तिथनं घिऊन संगट घरला आलो असतो."

आक्काताईंना हे सुचलंच नव्हतं.